भिंतींचं चालू खातं

पुणं हे एके काळी सायकलींचं शहर होतं, हे वाक्य पुण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला गुटीबरोबर पाजतात. 'आता ते स्कूटरींचं शहर आहे' हे पुढचं वाक्य कोणी शिकवावं लागत नाही. ते रस्ता ओलांडताना आपोआप कळतं. माझे वडील सांगत की, त्यांच्या तरुणपणी सायकलीला बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि मागे बसलेला डबलसीट मित्र चौकात पोलीस दिसला की टुणकन उडी मारून, या सायकलवाल्याला आपण जन्मात पाहिलेलं नाही असा चेहरा करून चालू लागे. चौक संपला की मैत्री पुन्हा पूर्ववत.

माझ्या वाट्याला सायकल आली तेव्हा यातलं काहीही शिल्लक नव्हतं. मधे २०१७-१८ च्या सुमाराला पुण्यात भाड्याच्या पिवळ्या-नारिंगी सायकली आल्या होत्या. मोबाईलने कुलूप उघडायचं आणि निघायचं. बघता बघता त्या जशा आल्या तशा गेल्या. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ठेव मुदतीपूर्वीच मोडली.

माझी सायकल भाड्याची नाही, वारसाहक्काची आहे. फक्त हा वारसा खालून वर आलेला आहे. मुलीला आठवीत असताना घेतलेली ही सायकल जांभळ्या रंगाची, लेडीज, पुढे बास्केट आणि मागे चिकटवलेलं फुलपाखरू अशी आहे. मुलगी अठरा वर्षांची झाली, तिला लायसन्स मिळालं, आणि दर रविवारी सकाळी साडेसहाला सी. ए. चा क्लास लागला. तिने माझी स्कूटर नेली आणि मला तिची सायकल मिळाली. या व्यवहारात मला कोणी विचारलं नाही. आमच्या घरात दोन बी. कॉम. आणि एक होऊ घातलेली सी. ए. असल्यामुळे सगळे व्यवहार असे चोख होतात.

आता रविवारी मला सायकल लागते कशाला? तर आई कसबा पेठेत राहते आणि आम्ही कोथरूडला. आईला 'चल कोथरूडला' म्हटलं की ती 'तिकडे बोलायला माणूस मिळत नाही' म्हणते. म्हणून गेली अठरा वर्षं दर रविवारी सकाळी मी कसब्यात जातो. स्कूटरवर वीस मिनिटं लागायची. त्या अठरा वर्षांत त्या रस्त्यावर मी काय पाहिलं असेल? सिग्नल पाहिले. पुढच्या स्कूटरचं नंबरप्लेट पाहिलं. एकदा एक हत्ती पाहिला, पण तोही वाटेत आडवा आला म्हणून.

सायकलवर मात्र तेच अंतर पहिल्या रविवारी पाऊण तासाचं झालं आणि तिसऱ्या रविवारी दोन तासांचं. माझा दम कमी पडला असा याचा अर्थ नव्हे. कारण असं की, सायकल ही एकच वस्तू अशी आहे की जिच्यावर बसून माणूस भिंतीकडे बघू शकतो. स्कूटरवर भिंतीकडे बघितलं तर भिंत जवळ येते. पायी चालताना खालीच बघावं लागतं, कारण फुटपाथ. मोटारीतून मागे बसलेला माणूस बघू शकतो, पण त्याला वाटलं म्हणून मोटार थांबत नाही. सायकलवाल्याने नुसता एक पाय टेकला की तो थांबला. पार्किंग नाही, हॉर्न नाही, मागच्याच्या शिव्या नाहीत. असल्या तरी 'ओ काका' इथपर्यंतच.

असा पाय टेकत टेकत मी जे पाहिलं ते लिहून ठेवायला सुरुवात केली. बँक दर वर्षी आम्हाला एक जाडजूड डायरी देते. तिची पहिली तीन पानं भरतात आणि उरलेली तीनशे बासष्ट पुढच्या पिढीच्या रफ कामाला जातात. त्या डायरीत मी मधोमध रेघ मारली. डावीकडे 'जमा', उजवीकडे 'नावे'. नवीन काही दिसलं की जमा. नावेच्या बाजूला काय लिहायचं हे तेव्हा ठरलं नव्हतं, पण ज्या खात्याला नावेची बाजू नाही ते खातं बघून माझ्या जिवाला चैन पडत नाही.

पहिली जमा होती देवांच्या फरश्यांची. जिन्याच्या कोपऱ्यांत, बोळांच्या वळणांवर, भिंतीच्या बुडाशी चौकोनी फरश्या बसवलेल्या असतात. त्यांच्यावर गणपती, साईबाबा, येशू, गुरू नानक आणि मक्केचं चित्र शेजारी शेजारी असतात. लोकांनी तिथे पान खाऊन पिचकारी मारू नये, एवढाच उद्देश. सर्वधर्मसमभावावर आपल्याकडे कितीतरी परिसंवाद झाले, पण सगळे धर्म एका ओळीत, एका उंचीवर, एकाच सिमेंटने पक्के बसवून दाखवले ते पानाच्या पिचकारीने. नारायण पेठेतल्या एका बोळात मी सलग अकरा फरश्या मोजल्या. बाराव्या जागी फरशी नव्हती. बारावी जागा लाल होती.

दुसरी जमा वारल्यांची. शहर स्वच्छ दिसावं म्हणून गेल्या काही वर्षांत सरकारी भिंती रंगवायची टूम निघाली आणि प्रत्येक भिंतीवर वारली चित्रं आली. शाळेवर वारली, दवाखान्यावर वारली, मुतारीवरही वारली. मूळ चित्रं पालघरकडच्या आदिवासी घरांतली. कुडाच्या लालसर भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची, आणि लग्नाचा चौक तर सवाष्णींनीच काढायचा. ती घरातून बाहेर काढून कागदावर आणि जगभर नेली जिव्या सोमा मशे यांनी. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रातला तारपा वाजवणारा मधे उभा राहतो आणि नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाते. आमच्या वाटेवरच्या एका भिंतीवर ती रांग छान वळत वळत येते आणि ऐन तारपेवाल्यापाशी पावसाच्या पाण्याचा पाइप आहे. त्यामुळे बावीस माणसं गेली कित्येक वर्षं पाइपाभोवती नाचत आहेत. मी ती जमा केली. हिशोबात हसू धरत नाहीत, पण शेऱ्यात लिहिलं.

मग लागली देवळांची रांग. पुण्यातल्या देवांची नावं ऐकून बाहेरगावचा माणूस आधी दचकतो आणि मग हात जोडतो. मीही लहानपणापासून ती ऐकत आलो, पण हे नाव का, असं थांबून कोणाला विचारलं नव्हतं. सायकलवर विचारता येतं. पासोड्या विठोबा, कारण तिथे पासोड्या विकायला बसत. सोट्या म्हसोबा, कारण तिथे सोटे मिळत. जिलब्या मारुतीच्या शेजारी जिलबीवाला होता आणि तो मारुतीला जिलब्यांची माळ घालायचा, असं सांगतात. डुल्या मारुती पानिपताच्या वेळी, म्हणजे १७६१ मध्ये, इथे बसल्या जागी डुलला अशी श्रद्धा आहे. सगळ्यांत मला धक्का बसला तो भिकारदास मारुतीचा. मला वाटे, इथे भिकारी बसत असतील. तर भिकारदास हे एका सराफाचं नाव! पेढीवरचा माणूस, जागा त्याची, आणि नाव भिकारदास. आमच्या बँकेत या नावाचा कर्जाचा अर्ज आला असता तर साहेबांनी नुसतं नाव वाचूनच परत पाठवला असता.

या नावांची मला गंमत वाटते ती अशी की, ही नावं कोणी समिती नेमून ठेवलेली नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याने काय दिसलं ते सांगितलं, एवढंच. पासोड्या दिसल्या, पासोड्या म्हटलं. पासोड्या गेल्या, पासोडीवाले गेले, पासोडी म्हणजे काय हे सांगायला आता शब्दकोश लागतो. नाव मात्र शिल्लक आहे. खातेदार वारला तरी खातं चालू.

एका रविवारी पर्वतीच्या बाजूने गेलो, तर उच्छ्वास पाहिला. उच्छ्वास म्हणजे श्वास नव्हे, दगडी मनोरा. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळातून गावातल्या हौदांपर्यंत आणलं. पाणी वाहताना कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत हे मनोरे उभे केले. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. मी त्याच्यापाशी पाय टेकून उभा होतो तेव्हा एक गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन चालले होते. त्यांना विचारलं, "हे काय आहे हो?" त्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या फुलपाखराकडे पाहिलं आणि म्हणाले, "जुनं आहे." पुण्यात एवढ्या माहितीवरसुद्धा आभार मानायची पद्धत आहे. मी मानले.

जंगली महाराज रस्त्याचीही मी एक नोंद केली. तो रस्ता १९७६ मध्ये दहा वर्षांच्या हमीवर बांधला गेला. हमी १९८६ मध्ये संपली आणि रस्ता नंतरही वर्षानुवर्षं खड्ड्यावाचून राहिला. बँकेत मी बावीस वर्षं जामीनदार बघतोय. मुदत संपल्यावरही जबाबदारी सांभाळणारा जामीनदार मी एवढा एकच पाहिला, आणि तोही डांबराचा.

अशी जमा वाढत असताना बायकोने एकदा विचारलं, "अहो, दोन तास तुम्ही नक्की करता काय?"

"भिंती बघतो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बघतच आहात तर मंडईवरून कोथिंबीर आणि आलं आणा. बास्केट रिकामीच असते ना?" तेव्हापासून माझ्या कलाप्रवासाचा मार्ग भाजीच्या यादीवरून ठरतो. पण तक्रार नाही. फणस आणायचा होता म्हणून मी एकदा भलत्याच बोळातून गेलो आणि मला एक भिंतीवर रंगवलेला निळा बैल सापडला. फणसापेक्षा तो गोड निघाला.

खरा खजिना मात्र कसब्यातच होता, म्हणजे माझ्याच जन्मगावी. पुण्यातली ही सगळ्यांत जुनी वस्ती. कसबा गणपती ग्रामदैवत, आजूबाजूला शिंपी आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, तांबट आळी. तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर ठोके मारून त्याला पैलू पाडतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठक्-ठक् आवाजावर माझं अर्धं बालपण झोपलं आणि उरलेलं अर्धं जागं झालं. या कसब्यात २०१० नंतरच्या दशकात काही तरुण चित्रकार मुलंमुली रंगाचे डबे आणि बांबूच्या पराती घेऊन आली आणि त्यांनी वाड्यांच्या उघड्या पडलेल्या भिंतींवर मोठमोठी चित्रं काढली. शेजारचा वाडा पडला की आपल्या वाड्याची एक बाजू उघडी पडते. तिच्यावर दुसऱ्याच्या खोलीचे कोनाडे, खुंट्या, जिन्याची तिरकी रेघ असं सगळं तसंच राहतं. भाडेकरू गेला, पण त्याची खुंटी राहिली. अशा भिंतींवर या मुलांनी मासे काढले, माणसं काढली, पक्षी काढले. एकाने तर जुन्या कोनाड्याचाच डोळा केला होता.

कसब्यातून नागझरी ओलांडून सोमवार पेठेत गेलं की त्रिशुंड गणपती आहे. हे देऊळ बघायला मी लहानपणी शंभरदा गेलो असेन, पण आतला तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती बघायला. बाहेरची भिंत मी सायकल टेकवायला गेलो तेव्हाच नीट पाहिली. १७५४ मध्ये भीमगीरजी गोसाव्यांनी हे काम सुरू केलं आणि १७७० मध्ये पुरं झालं. दर्शनी भिंत अख्खी काळ्या दगडाची आणि कोरीव. आणि त्या कोरीवकामात, देवादिकांच्या पंगतीत, एक विलायती शिपाई साखळदंडाने गेंड्याला बांधतोय! पुण्यात, गणपतीच्या देवळावर, गेंडा. १७५७ मध्ये प्लासीची लढाई झाली, इंग्रजांनी बंगाल घशात घातला, त्याचं हे चित्र असावं असं जाणकार म्हणतात. म्हणजे त्या काळच्या पुण्यात वर्तमानपत्र नव्हतं, पण बातमी होती, आणि कोण्या पाथरवटाने ती भिंतीवर मांडली. आत संस्कृत शिलालेख आहेत आणि सोबत फारसीही आहे. मला वाटतं, कसब्यातल्या रंगाच्या डबेवाल्या मुलांचा हा खापरपणजोबा. फरक इतकाच की, त्याने दगड वापरला.

हा फरक मला नंतर महागात समजला.

कारण यथावकाश माझ्या डायरीतली नावेची बाजू भरू लागली. एका रविवारी गेलो तर कोनाड्याचा डोळा नव्हता. भिंतच नव्हती. तिथे उंच पत्रे उभे होते आणि पत्र्यांवर एक इमारत रंगवलेली होती. इमारतीपुढे हिरवळ, हिरवळीवर गोरंपान कुटुंब, आणि बाजूला पोहण्याचा तलाव. प्लॉट अडीच गुंठ्यांचा. ही पत्र्यावरची चित्रंसुद्धा रस्त्यावरची कलाच मानली पाहिजे. किंबहुना कल्पनाशक्तीच्या बाबतीत ती सगळ्यांच्या पुढे आहे. मी डोळा नावे टाकला. पुढच्या महिन्यात मासे नावे गेले. पावसाळ्यात एक पक्षी नावे गेला, तो कोणी पाडला नाही, ओल येऊन आपणच उडाला. चार महिन्यांनी मी शिल्लक काढली तर जमेपेक्षा नावे भरभर वाढत होतं. असं खातं एखाद्या व्यापाऱ्याचं असतं तर मी त्याला बोलावून चहा पाजला असता आणि प्रेमाने दोन शब्द सांगितले असते. शहराला कुठे बोलावणार?

आणि मग आमचाच वाडा आला.

आईच्या वाड्याची बोळाकडची भिंत उघडी होती. तिच्यावर त्या मुलांनी एक चित्र काढलेलं. एक म्हातारी सूप घेऊन पाखडते आहे आणि सुपातून कोंड्याऐवजी चिमण्या उडताहेत. दीड मजला उंच म्हातारी. चित्र चालू असताना चार दिवस त्या मुलांना आईने चहा दिला, एकदा थालीपीठ दिलं. त्यामुळे ती म्हातारी म्हणजे आपणच, असं आईचं म्हणणं. पण समोरच्या गोदाकाकूंनीही त्यांना एकदा पोहे दिले होते. तेव्हा त्यांच्या मते नाक सरळसरळ त्यांचं होतं. मागच्या चाळीतल्या एका आजींनी तर काहीच दिलं नव्हतं, तरी त्या म्हणत, "चष्मा माझाय." हा वाद दोन वर्षं चालला. आईची तक्रार एकच होती. "सूप धरायची ही रीत नव्हे. असं धरलं तर तांदूळ अंगणात आणि कोंडा घरात." पुढे पुढे लग्न ठरलेली जोडपी तिथे फोटो काढायला येऊ लागली. आज निदान वीस-पंचवीस अनोळखी घरांतल्या लग्नाच्या अल्बमात, कोपऱ्यात वाळत घातलेला आमच्या आईचा परकर आहे.

या वाड्याला बिल्डर लागला. इथे मी गळा काढावा अशी वाचकांची अपेक्षा असेल. वाडासंस्कृती, अंगण, तुळशीवृंदावन, ओसरीवरच्या गप्पा वगैरे. पण वाडासंस्कृतीवर गहिवरून लिहिणारे बहुतेक लोक कोथरूडला राहतात आणि त्यांच्या बेडरूमला लागून न्हाणीघर असतं. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडांत दोन संडास आहेत आणि ते अंगणापलीकडे आहेत. आईची खोली वर आहे. जिन्याला सतरा पायऱ्या, त्यातल्या तीन उंच, आणि आईचे गुडघे सत्तरी ओलांडलेले. मागच्या पावसाळ्यात तुळईला टेकू लावला, त्याला धरूनच आता आई देवघरापर्यंत जाते. रात्री मला फोन आला की आधी छातीत धस्स होतं, मग फोन घेतो. तेव्हा नव्या इमारतीला लिफ्ट असणार, हे ऐकून मी मनातल्या मनात बिल्डरला नमस्कार केला. भिंतीवरच्या चिमण्यांसाठी आईने सतरा पायऱ्या चढाव्यात, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि चिमण्या गेल्या तर गेल्या, असंही म्हणवत नाही. डायरीत एकाच रकमेला जमा आणि नावे दोन्हीकडे लिहायची सोय नसते. असती तर मी त्या दिवशी वापरली असती.

सगळ्या भाडेकरूंच्या सह्या झाल्या. आईची राहिली. बिल्डरचा माणूस कागद घेऊन आला. तरुण होता, नम्र होता, चपला बाहेर काढून आला.

"आजी, इथे सही करा."

"लिफ्ट वीज गेली तर चालते का?"

"चालते, आजी. जनरेटर आहे."

"बरं. आणि आमच्या चिमण्या?"

त्याला वाटलं आजींनी पिंजरा पाळलाय. तो म्हणाला, "पाळीव प्राण्यांना आमची हरकत नाही." मग मी त्याला खिडकीतून भिंत दाखवली. तो हसला आणि म्हणाला, "काका, भिंतच राहणार नाही तर चित्र कुठून राहणार?" हा मुद्दा बिनतोड होता.

आई म्हणाली, "ही राहणार नाही, मग दुसरी द्या. तेवढं कागदावर आलं की सही."

आणि तिने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात प्रथमच माझ्या आईने मी बी. कॉम. झाल्याचा उपयोग होईल अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

वाचकहो, मला चित्र काढता येत नाही. कविता येत नाही, गाता येत नाही. मोर्चात गेलो तर मी बाजूने चालणारा माणूस आहे. पण कागद? कागद मला येतो. बावीस वर्षं मी गहाणखतं वाचतो आहे. कुठल्या शब्दामागे कोणती पळवाट आहे ते मला अंधारात कळतं. मी त्या संध्याकाळी आईच्या पाटावर बसून एक कलम लिहिलं. 'पूर्वेकडील सीमाभिंतीचा रस्त्याच्या बाजूचा दर्शनी भाग, लांबी बारा फूट व उंची सात फूट, हा गुळगुळीत गिलावा करून कोरा ठेवण्यात येईल. सदर भागावर जाहिरात, नामफलक, विजेचे मीटर, पत्रपेट्या, पाइप अथवा देवदेवतांच्या फरश्या बसविण्यात येणार नाहीत. सदर भागावर भित्तिचित्र काढण्यास सोसायटी कायम संमती देत आहे.' पाइप हा शब्द मी खाली रेघ मारून लिहिला. मला ती पाइपाभोवती नाचणारी बावीस माणसं आठवत होती.

चार दिवस वाटाघाटी चालल्या. पूर्वेला ट्रान्सफॉर्मर येणार होता, तेव्हा भिंत दक्षिणेला सरकली. बारा फुटांचे दहा झाले. त्यांच्या हिशोबनिसाने मला फोन करून विचारलं, "साहेब, ही कोरी भिंत आम्ही कोणत्या सदराखाली दाखवायची?" धंद्यातला माणूस होता, मला त्याची अडचण कळली. मी म्हटलं, "किरकोळ." तो म्हणाला, "चालेल." गोदाकाकूंनी ऐकलं आणि आपल्या करारनाम्यावरही तेच कलम हवं म्हणून हटून बसल्या. नाक त्यांचं होतं ना! मग ते सातही बिऱ्हाडांच्या कागदांत गेलं. आईने सही केली. वळणदार, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"आजी, कोऱ्या भिंतीचं करणार काय?" जाताना त्या मुलाने विचारलं.

"कोरी कोण ठेवतंय?" आई म्हणाली.

त्या चित्रकार मुलांपैकी एकाचा नंबर आईने जुन्या कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशोबाखाली लिहून ठेवलेला सापडला. फोन लावला. तो आता बंगळूरला असतो, कुठल्याशा कंपनीत काम करतो. म्हातारी आणि सूप म्हटल्यावर त्याने लगेच ओळखलं आणि आधी थालीपिठाची चौकशी केली. भिंत बांधून झाली की येतो, म्हणाला. आईने फोन माझ्या हातून ओढून घेतला आणि त्याला सूप कसं धरायचं ते दहा मिनिटं समजावून सांगितलं.

वाडा आता रिकामा आहे. आई सध्या आमच्याकडे कोथरूडला आहे आणि बोलायला माणूस मिळत नाही म्हणता म्हणता तिने सोसायटीतल्या नऊ जणींची भिशी सुरू केली आहे. मी रविवारी सवयीने सायकल काढतो आणि कसब्यात जातो. पत्रे लागले आहेत. पत्र्यावर हिरवळ आहे, कुटुंब आहे, यावेळी तलाव नाही, बहुधा माझा धाक. पत्र्याच्या फटीतून म्हातारीचा एक हात आणि चार चिमण्या अजून दिसतात. पुढच्या आठवड्यात त्याही जातील.

डायरीत त्या मी नावे टाकलेल्या नाहीत. बँकेत यासाठी एक तिसरं सदर असतं. जे गेलेलं आहे पण ज्याचा कागद आपल्याकडे आहे, ते तिथे लिहितात. मी लिहिलं : येणे बाकी, चिमण्या, नग सतरा. जामीनदार : आई.